'लघवी किती झाली?' : तालमीतल्या पोराचे पहिले ७२ तास

जुलैतला गुरुवार. कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जाऊन दोन दिवस झालेले, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कागलकडच्या एका गावातनं १९ वर्षांचा पोरगा आमच्याकडे आणला. बरोबर त्याचे मामा आणि तालमीतली दोन पोरं. पोरगा पैलवान, वजन ६८ किलो, उंची १७२ सेंटिमीटर, पण स्ट्रेचरवर बसूनच होता, पायात उभं राहण्याएवढी ताकद नाही आणि उलट्या सुरू. मामा पहिल्यांदा काय बोलले ते मला अजून आठवतंय, "मॅडम, गळ्याच्या गाठी तर बसल्या हो, गुण आलता की चांगला, मग आता ह्यो असा का करायलाय?"

(पेशंटची ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. काय कशानंतर झालं तो क्रम तसाच ठेवलाय.)

मागची हकीकत अशी. महिनाभर खोकला, पंधरा दिवस गळ्याच्या दोन्ही बाजूंना गाठी, सकाळी उठलं की चेहरा सुजलेला, रात्री आडवं पडलं की घुसमटायचं म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. खांदा दुखतोय म्हणून मेडिकलमधनं डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून खात होता. सोमवारी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांना छातीत घरघर ऐकू आली, अ‍ॅलर्जीचा दमा धरून त्यांनी डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं आणि मंगळवारी परत एक. मंगळवारी रात्री पोरगा कित्येक दिवसांनी पाठीवर झोपला, गाठी निम्म्यावर आल्या, घरात सगळे खूश. बुधवारी दुपारपासनं मळमळ, पोटऱ्यात गोळे, आणि लघवी दिवसभरात दोनदाच, ती पण थोडीशी, विटकरी रंगाची, तळाला गाळ बसल्यासारखी.

आता हे नीट वाचा, कारण सगळी केस इथंच आहे. पंधरा दिवस वाढत असलेली गाठ स्टेरॉइडच्या दोन इंजेक्शनांनी दोन दिवसांत निम्मी झाली तर ती आनंदाची गोष्ट नाही, धोक्याची आहे. साधी अ‍ॅलर्जी किंवा इन्फेक्शनची गाठ अशी वितळत नाही. लिम्फोब्लास्ट जातीच्या कॅन्सर पेशींसाठी स्टेरॉइड म्हणजे केमोच आहे, या जातीच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) प्रोटोकॉलची, म्हणजे ठरलेल्या उपचारक्रमाची, सुरुवातच स्टेरॉइडनं होते. म्हणजे या पोराची केमो सोमवारी सुरू झाली होती, फक्त ते कुणाला माहीत नव्हतं. ना सलाईन, ना युरिक अ‍ॅसिडची गोळी, ना एक रक्ततपासणी, आणि वर किडनीला त्रास देणारी डायक्लोफिनॅक पोटात. त्या डॉक्टरांवर राग काढायला मी हे लिहीत नाहीये, समोर पोरगा गुदमरतोय, घरघर ऐकू येतेय, पावसाळ्यात रोज दम्याचे दहा पेशंट येतात, कुणाचाही हात तिकडंच गेला असता. पण गाठी असलेल्या तरुण पेशंटला स्टेरॉइड टोचायच्या आधी एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि छातीचा एक एक्सरे, एवढं जरी झालं असतं तरी पुढच्या तीन रात्री वेगळ्या गेल्या असत्या.

तर आत काय झालं होतं? पेशी फुटली की तिच्यातला माल रक्तात येतो. पेशीच्या आत पोटॅशियम १४० च्या आसपास असतं आणि रक्तात चार-साडेचार, त्यामुळं लाखो करोडो पेशी एकदम फुटल्या की पोटॅशियम हृदयापर्यंत जाऊन धडकतं. दुसरं फॉस्फेट, लिम्फोब्लास्टमध्ये ते साध्या लिम्फोसाइटच्या चौपटीपर्यंत असू शकतं, रक्तात आलं की कॅल्शियमला चिकटतं, मग कॅल्शियम घसरतं आणि दोघांचे खडे किडनीच्या नळ्यांत बसतात. तिसरं पेशीच्या केंद्रातलं डीएनए, त्याचे प्युरिन तुटून हायपोझँथिन, मग झँथिन, मग युरिक अ‍ॅसिड होतं, ते लघवीत नीट विरघळत नाही आणि त्याचे पण स्फटिक नळ्यांत अडकतात. बहुतेक प्राण्यांकडे युरिक अ‍ॅसिड पुढं मोडून काढणारं युरेट ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं, माणसाचं ते उत्क्रांतीत कधीतरी गळून गेलंय. किडनी तुंबली की बाकीचं सगळं पण बाहेर पडायचं थांबतं आणि चक्र आपोआप जोरात फिरायला लागतं. यालाच ट्युमर लायसिस सिंड्रोम म्हणतात, आम्ही वॉर्डात टीएलएसच म्हणतो.

पावणेआठला पहिले रिपोर्ट हातात आले. पांढऱ्या पेशी १,८४,०००, त्यात ८८ टक्के ब्लास्ट (कच्च्या कॅन्सर पेशी), हिमोग्लोबिन ९.१, प्लेटलेट ४२,०००. युरिक अ‍ॅसिड १३.८, पोटॅशियम ५.९, फॉस्फेट ७.१, कॅल्शियम ७.६, क्रिएटिनिन २.१, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) २,९४०. छातीच्या एक्सरेत मधोमध मोठी सावली, म्हणजे मिडियास्टिनममध्ये (दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत) गोळा, चेहरा का सुजायचा आणि आडवं का पडता येत नव्हतं त्याचं उत्तर तिथंच मिळालं.

कैरो आणि बिशप या दोन डॉक्टरांनी २००४ साली जे निकष मांडले ते आपण अजून वापरतो. युरिक अ‍ॅसिड ८ किंवा वर, पोटॅशियम ६ किंवा वर, मोठ्या माणसात फॉस्फेट ४.५ किंवा वर, कॅल्शियम ७ किंवा खाली, किंवा मूळच्या आकड्यापेक्षा २५ टक्के फरक, यातल्या दोन गोष्टी बसल्या की लॅबमधला टीएलएस. त्यात क्रिएटिनिन नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दीडपट झालं, किंवा हृदयाची लय बिघडली, किंवा फिट आली, की क्लिनिकल टीएलएस. आमच्या पोराला युरिक अ‍ॅसिड आणि फॉस्फेट दोन्ही लागू आणि क्रिएटिनिन पण वर, म्हणजे दारातनं आत येतानाच क्लिनिकल टीएलएस. आपण केमो द्यायची, मग टीएलएस होईल का बघायचं, तो टप्पा इथं मागंच पडला होता.

पोटॅशियमच्या आकड्यापाशी जरा थांबते. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असल्या की त्या सिरिंजच्या ओढीनं, ट्यूब हलवल्यानं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यानं पण फुटतात आणि ट्यूबमधलं पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. खोटं समजून सोडून दिलं तर पेशंट जाईल, खरं समजून इन्सुलिन दिलं तर नसलेला आजार बरा करायला जाऊन पोटॅशियम धोकादायक खाली जाईल. म्हणून टुर्निकेट न आवळता परत रक्त काढलं, आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) स्वतः हातात धरून एबीजी (रक्तातले वायू आणि क्षार लगेच मोजणाऱ्या) मशीनपाशी घेऊन गेला आणि लगेच लावलं, ५.६ आलं. ईसीजीत टी वेव्ह जराशा टोकदार, ही पोटॅशियम वाढल्याची खूण. म्हणजे थोडं खोटं, पण बरंचसं खरं. तेवढ्यावर इन्सुलिन दिलं नाही, पण मॉनिटर लावला तो पुढचे चार दिवस काढला नाही.

निदानासाठी गाठ कापायची का, असा प्रश्न त्याच रात्री आला आणि त्याला मी स्पष्ट नाही म्हणाले. छातीत एवढा गोळा असताना भूल देऊन आडवं करणं म्हणजे श्वासनलिका दबून टेबलावरच जाण्याची भीती, आणि रक्तातच ८८ टक्के ब्लास्ट असताना गाठ कशाला पाहिजे? हाताच्या शिरेतलं रक्त फ्लोसायटोमेट्रीला (पेशींची जात ओळखणाऱ्या तपासणीला) पुण्याला पाठवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर कळलं, टी-सेल अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. सीटी पण त्या रात्री केला नाही, कारण कॉन्ट्रास्ट डाय किडनीला अजून एक धक्का, २डी एको करून हृदयाभोवती पाणी नाही एवढं बघून घेतलं.

मग सलाईन. याच्या शरीराचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर येतं, हिशोब दर चौरस मीटरला दिवसाला तीन लिटर, म्हणजे ५.४ लिटर, तासाला २२५ मिली. लघवी तासाला १८० मिली तरी पडली पाहिजे. युरिन कॅथेटर घातला, ८० मिली निघाली, गढूळ. सलाईन निवडताना आरएल (रिंगर लॅक्टेट) नाही, त्यात पोटॅशियम पण आहे आणि कॅल्शियम पण. थोडंसंच असतं हे मला मान्य आहे, पण जे कमी करायला झटतोय तेच नळीतनं आत सोडायचं कशाला, साधं एनएस (मिठाचं सलाईन) आणि अर्धं डीएनएस (त्यात साखर पण) लावलं. आणि एवढं पाणी आत जातंय म्हणजे दर दोन तासांनी छाती ऐकायची, दिवसातनं दोनदा वजन, ऑक्सिजन बघायचा. किडनी बंद असताना पाणी ढोसत राहिलं तर पेशंट फुप्फुसात पाणी होऊन जातो, टीएलएसनं नाही.

नऊ वाजता बेडपाशी गेले तर मामांनी पिशवीतनं शहाळं काढलेलं, स्ट्रॉ घातलेली, पोरगा तोंडाला लावणारच होता. अशक्तपणा आलाय, उलट्या झाल्यात, आपल्याकडं शहाळंच देतात, त्यात मामांचं काही चुकलं नव्हतं. मी हातातनं काढून घेतलं आणि त्यांना शेजारी बसवून सांगितलं की एका मोठ्या शहाळ्यात पाचसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि आत्ता याच्या रक्तातलं पोटॅशियम हृदय बंद पाडण्याच्या बेतात आहे. मामा बघतच राहिले. "मग दूध तर चाललं का? गंगावेशीतनं कट्ट्यावरचं आणतो, म्हशीचं, धारोष्ण." दुधात फॉस्फेट. थंडाई? बदाम, खसखस, परत फॉस्फेट आणि पोटॅशियम दोन्ही. केळी, चिकू, मोसंबीचा ज्यूस, सगळ्याला नाही म्हणताना मलाच वाईट वाटत होतं, कारण पैलवानाच्या घरात खुराक हेच प्रेम असतं आणि ते सगळंच्या सगळं मी बंद करत होते. शेवटी म्हणाले, "मामा, साधं पाणी, पेज, मीठ कमी घातलेला भात, एवढंच चार दिवस. आणि एक काम तुमच्याकडं देते."

ते काम म्हणजे लघवीची नोंद. रात्री आमच्या वॉर्डात १६ पेशंटना दोन सिस्टर, दर तासाला पिशवी मोजून लिहायचं होतंच असं नाही, हे मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. पोराच्या बॅगेत तालमीची वही होती, जोर किती, बैठका किती, तारखेनिशी लिहिलेली. मामांनी त्याच वहीचं मागचं पान उघडलं, मी रेघा मारून दिल्या, वेळ, सलाईन किती गेलं, पाणी किती पिला, लघवी किती झाली. मोजमापाचं भांडं दिलं. "१८० च्या खाली आली की सिस्टरना सांगायचं. ५० च्या खाली आली की मला उठवायचं, कितीही वाजू देत." मामांनी ते दोन आकडे वहीच्या वर मोठ्या अक्षरात लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

इकडं रासब्युरिकेजची शोधाशोध चालू होती. हे औषध म्हणजे आपल्याकडं नसलेलं तेच युरेट ऑक्सिडेज, बुरशीतल्या जीनवरनं प्रयोगशाळेत बनवलेलं, अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. अ‍ॅलोप्युरिनॉल आणि यात फरक समजून घ्यायला पाहिजे, कारण अजून बऱ्याच ठिकाणी "गोळी सुरू केलीय ना" म्हणून निवांत बसतात. अ‍ॅलोप्युरिनॉल नवीन युरिक अ‍ॅसिड तयार व्हायचं थांबवतं, जे आधीच तयार होऊन साठलंय त्याला हात लावत नाही, शिवाय परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात आणि मागं झँथिन साठतं ते वेगळंच. रासब्युरिकेज साठलेलं युरिक अ‍ॅसिडच मोडून अ‍ॅलँटोइन करतं, जे पाण्यात कितीतरी पट जास्त विरघळतं, आणि हे चार तासांत होतं. १३.८ असताना गोळीवर थांबणं बरोबर नाही.

शाहूपुरीतल्या एका डिस्ट्रिब्युटरकडं १.५ मिलिग्रॅमची एकच व्हायल, दुसरी सांगलीला. तालमीतली ती दोन पोरं भर पावसात मोटरसायकलवरनं सांगलीला गेली, थर्मासमध्ये बर्फ घालून व्हायल घेऊन अकराला परत, कारण हे फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. पैसे पण त्या पोरांनीच फोनाफोनी करून गोळा केले. पुस्तकातला डोस किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे याला साडेतेरा मिलिग्रॅम, नऊ व्हायल, आणि तो पाच दिवसांपर्यंत रोज. एवढं कुणाला परवडतं? ३ मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन, मग दर सहा तासांनी युरिक अ‍ॅसिड बघून लागला तरच परत द्यायचा, ही पद्धत मोठ्या माणसात चांगली चालते आणि आपल्यासारख्या गावात तीच शहाणपणाची आहे.

पण त्याआधी जी६पीडी. ज्यांच्यात हे एन्झाइम कमी असतं त्यांना रासब्युरिकेज दिलं तर लाल पेशी फुटतात आणि रक्त काळपट पडून ऑक्सिजन धरेनासं होतं, जीव जाऊ शकतो. आजार एक्स क्रोमोसोमवरचा, म्हणजे पुरुषांत जास्त, म्हणून मामांना खोदून विचारलं, आईकडच्या बाजूला कुणा पोराला लहानपणी जास्त दिवस कावीळ राहिली होती का, हिवतापाच्या गोळ्यांनी काळी लघवी झाली होती का. नाही म्हणाले. तरी सॅम्पल संध्याकाळीच पाठवलं होतं, आणि मुद्दाम रक्त चढवायच्या आधी, नाहीतर दुसऱ्याच्या पेशींमुळं रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. दहाला रिपोर्ट आला, नॉर्मल. साडेअकराला औषध अर्ध्या तासात सोडलं.

तेवढ्यात ज्युनियर डॉक्टरनं विचारलं, "मॅडम, सोडा बायकार्ब लावू का, लघवी अल्कलाइन करायला?" चांगला प्रश्न, मी शिकले तेव्हा हेच करायचे. लघवी अल्कलाइन केली की युरिक अ‍ॅसिड विरघळतं हे खरं, पण कॅल्शियम फॉस्फेट उलट जास्त जोरात बसतं, आणि रक्त अल्कलाइन झालं की सुटं कॅल्शियम अजून कमी होतं, हातपाय वळायला लागतात. फॉस्फेट ७.१ असताना सोडा लावणं म्हणजे एक नाली उघडायला जाऊन दुसरी बुजवणं. आता कुणी रुटीन म्हणून लावत नाही.

पहाटे तीनला मामांनीच मला उठवलं. वही पुढं धरली. बारा ते एक ७० मिली, एक ते दोन ४५, दोन ते तीन ३०. "मॅडम, तुम्ही पन्नास म्हणाला हुता, मी एक तास थांबलो, चुकलं का माझं?" मी त्यांना काही बोलले नाही, सरळ मॉनिटर बघितला. टी वेव्ह उंच, टोकदार, क्यूआरएस (ईसीजीतली ठोक्याची मुख्य लाट) रुंद व्हायला लागलेला. एबीजीवर पोटॅशियम ६.८, आणि यावेळी ईसीजीच सांगत होता की हे खरं आहे.

इथं एक गोंधळ होतो तो सांगते. टीएलएसमध्ये कॅल्शियम कमी दिसलं म्हणून नुसत्या आकड्यासाठी कॅल्शियम द्यायचं नसतं, फॉस्फेट जास्त असताना ते थेट किडनीत जाऊन बसतं. आमच्या संध्याकाळच्या नोटमध्ये तसं लिहिलेलं पण होतं, आणि म्हणूनच सिस्टर इंजेक्शन भरताना थांबल्या, "मॅडम, कॅल्शियम द्यायचं नाही असं लिहिलंय." त्या थांबल्या हे बरोबरच केलं. पण हृदयाची लय बिघडतेय, किंवा हातपाय वळतायत, फिट येतेय, तेव्हा कॅल्शियम द्यायचंच, किडनीचं नंतर बघू. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, मॉनिटरकडं बघत हळूहळू पाच मिनिटांत. मग २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली आणि १० युनिट साधं इन्सुलिन, साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, दर तासाला शुगर. दहा मिनिटांत क्यूआरएस परत अरुंद झाला. ही सगळी औषधं पोटॅशियमला काही तासांपुरती पेशीत ढकलतात, शरीराबाहेर काढत नाहीत, म्हणून त्याच वेळी नेफ्रोलॉजिस्टना फोन केला.

साडेतीनचे बाकीचे रिपोर्ट: फॉस्फेट ९.८, कॅल्शियम ६.६, क्रिएटिनिन २.९. युरिक अ‍ॅसिड ०.९! ज्युनियर खूश झाला, मला पटेना. विचारलं, सॅम्पल बर्फात नेलं होतं का? नव्हतं. रासब्युरिकेज ट्यूबमध्ये पण काम करत राहतं, खोलीच्या तापमानाला सॅम्पल ठेवलं की ते ट्यूबमधलंच युरिक अ‍ॅसिड खात बसतं आणि रिपोर्ट खोटा छान येतो. गार केलेल्या हेपारिनच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन, बर्फाच्या भांड्यात ठेवून, चार तासांच्या आत तपासायला पाहिजे. परत तसं पाठवलं, ३.४ आलं. या वेळी दोन्ही आकडे चांगलेच होते म्हणून निर्णय बदलला नाही, पण खरं ९ असताना ०.९ दिसलं असतं तर आम्ही दुसरा डोस दिलाच नसता.

आणि युरिक अ‍ॅसिड १३.८ वरनं ३.४ वर आलं तरी लघवी बंदच होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रासब्युरिकेज आल्यापासनं युरिक अ‍ॅसिडवर आपला ताबा आलाय, फॉस्फेटवर नाही. फॉस्फेट मोडून काढणारं औषध नाही, सेव्हेलॅमरसारख्या गोळ्या आतड्यातलं फॉस्फेट धरतात, पण हे फॉस्फेट आतड्यातनं येत नव्हतं, फुटलेल्या पेशींतनं येत होतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचा गुणाकार ६० च्या वर गेला की खडे बसायला लागतात, आमचा ६५ झाला होता. याला उत्तर डायलिसिसच, आणि लवकर.

डायलिसिसची नळी साधारण मानेत घालतात. इथं छातीत गोळा, वरची मोठी शीर दबलेली, पेशंट सपाट झोपू शकत नाही, प्लेटलेट ४२,०००. म्हणून पाठीला उंच टेकवून, सोनोग्राफी लावून मांडीतल्या शिरेत घातली, तिथं रक्त आलं तर दाबता तरी येतं. हेपारिनशिवाय (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशिवाय) चार तास, सव्वापाचला सुरू. नऊनंतर पोटॅशियम ४.४, फॉस्फेट ५.२. सगळ्यांनी श्वास सोडला, पण संध्याकाळी फॉस्फेट परत ८.४. पेशी अजून फुटतच होत्या, आणि फॉस्फेट शरीरात आत दडलेलं असतं, मशीन थांबलं की परत रक्तात येतं, ते काढायला मशीनच्या जोरापेक्षा वेळ जास्त लागतो. त्यामुळं शुक्रवारी रात्री हळू चालणारं आठ तासांचं डायलिसिस आणि रविवारी तिसरं. दिवसाआड डायलिसिसची जी सवय आपल्याला जुन्या किडनीच्या पेशंटमुळं लागलीय ती इथं उपयोगाची नाही.

शनिवारी हेमॅटोऑन्कॉलॉजिस्टशी (रक्ताच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी) बोलून कॅन्सरचे उपचार सुरू केले. नातेवाइकांना हे समजणं अवघड जातं, केमोनंच असं होतं म्हणता आणि परत तीच देता? पण दोन डेक्साचा परिणाम ओसरत होता, मंगळवारी खाली आलेल्या गाठी परत फुगायला लागल्या असत्या तर श्वास बंद झाला असता. जर्मनीच्या बीएफएम प्रोटोकॉलमध्ये पहिले सात दिवस मुख्यतः स्टेरॉइड देतात, आणि पेशींचा बोजा मोठा असेल तर तेही थोड्या डोसानं सुरू करून वाढवत नेतात, म्हणजे पेशी टप्प्याटप्प्यानं फुटतात आणि किडनीला उपसायला वेळ मिळतो. आम्ही प्रेडनिसोलोन पूर्ण डोसाच्या चौथाईनं सुरू केलं, दर सहा तासांनी रक्त तपासत. व्हिन्क्रिस्टिन आणि डॉनोरुबिसिन ही केमोची औषधं मंगळवारनंतर.

हाच पोरगा सोमवारी स्टेरॉइडच्या आधी आला असता तर? सीबीसीतच कळलं असतं. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर, किंवा बर्किट लिम्फोमा (झपाट्यानं वाढणारा लिम्फच्या पेशींचा कॅन्सर), किंवा १० सेंटिमीटरपेक्षा मोठा गोळा आणि एलडीएच दुपटीच्या वर, किंवा आधीच किडनी कमजोर, हे सगळे हाय रिस्क, त्यांना केमोच्या एक-दोन दिवस आधीपासनं सलाईन आणि रासब्युरिकेज, रक्त चार ते सहा तासांनी. मधल्या रिस्कवाल्यांना सलाईन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल, रक्त आठ-बारा तासांनी. आणि हे फक्त तरुण पोरांचं नाही. सीएलएल (हळू वाढणारा एक रक्ताचा कॅन्सर) असलेले सत्तरीतले आजोबा व्हेनेटोक्लॅक्सची गोळी घरी नेतात, साधी गोळी वाटते, पण सुरुवातीच्या ट्रायलमध्ये याच गोळीनं टीएलएस होऊन माणसं गेली, म्हणून आता २० मिलिग्रॅमनं सुरू करून दर आठवड्याला ५०, १००, २००, ४०० असं चढत जायचं. एखादा आठवडा गाळून "लवकर बरं वाटू दे" म्हणून पुढचा डोस घेणारे पेशंट मी बघितलेत, त्यांना हात जोडून सांगते, असं करू नका.

क्रिएटिनिन रविवारी ४.६ पर्यंत चढलं. सोमवारी दुपारी मामांच्या वहीत ११० आलं, मंगळवारी १९०, आणि बुधवारी तर एका तासात ३२०, तो आकडा मामांनी स्वतःच गोल करून ठेवलाय. त्यानंतर उलटी काळजी, लघवी इतकी सुटते की पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली जातं, म्हणून नवव्या दिवशी ज्यांना नाही म्हणाले होते त्यातलं एक केळं मीच खायला सांगितलं. बाराव्या दिवशी क्रिएटिनिन १.०, मांडीतली नळी आधीच काढलेली. किडनी पूर्ण परत आली. इंडक्शन (उपचाराचा पहिला टप्पा) संपल्यावर बोनमॅरोत ब्लास्ट सापडले नाहीत, पुढचं सगळं जनआरोग्य योजनेतनं चाललंय.

मधल्या काळात डेक्साचं इंजेक्शन देणाऱ्या त्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पोरगा कसा आहे तीनदा विचारलं, आणि दुसऱ्या रविवारी स्वतः येऊन भेटून गेले.

एक गोष्ट मात्र आमच्याच हातनं निसटणार होती. डिस्चार्जच्या वेळी अ‍ॅलोप्युरिनॉल १०० लिहून दिलं होतं, दहा दिवसांसाठी. पुढच्या टप्प्यात ६-मर्कॅप्टोप्युरिन ही केमोची गोळी सुरू करायची त्या दिवशी सवयीनं म्हणाले, घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवा. मामांनी पिशवी रिकामी केली आणि त्यात अ‍ॅलोप्युरिनॉलची अर्धी संपलेली स्ट्रिप. "किडनीची गोळी हाय न्हवं, बंद कशी करायची, म्हणून जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधनं आणत हुतो." मर्कॅप्टोप्युरिन ज्या एन्झाइमनं शरीरात मोडतं तेच अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करतं, दोन्ही एकत्र पूर्ण डोसात घेतली तर औषध शरीरात कितीतरी पटीनं साठतं आणि बोनमॅरो बसतो, पांढऱ्या पेशी शून्यावर जातात. स्ट्रिप काढून घेतली, जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारून 'बंद' लिहिलं, मर्कॅप्टोप्युरिन एक आठवडा पुढं ढकललं. मामांनी वही काढली, तालमीचीच, आणि नवीन पान उघडून विचारलं, "मॅडम, आता ह्यात काय लिहायचं?" मी सांगितलं, दर मंगळवारचा सीबीसी.